हायली गुब्बीची राख आणि आपलं आभाळ

इथिओपियाच्या अफार प्रदेशातला हायली गुब्बी हा ज्वालामुखी 23 नोव्हेंबर 2025 रोजी, रविवारी, फुटला. त्याच्या आधीच्या एकाही उद्रेकाची नोंद माणसाच्या लेखी इतिहासात नाही. राखेचा लोट सुमारे 14 किलोमीटर उंच गेला, तांबडा समुद्र ओलांडून येमेन आणि ओमानवर आला, अरबी समुद्रावरून सोमवारी संध्याकाळी गुजरातेत शिरला आणि त्याच रात्री राजस्थानमार्गे दिल्लीच्या वर पोचला. त्या दोन दिवसांत मुंबईची अनेक उड्डाणं रद्द झाली. नवी मुंबईतल्या दिवाळे गावापासून हा ज्वालामुखी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर आहे. दिवाळे म्हणजे बेलापूरच्या कडेला, पनवेल खाडीच्या काठावर वसलेला कोळीवाडा. खाडीपलीकडे चार-पाच किलोमीटरांवर नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. त्याचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं आणि प्रवासी वाहतूक 25 डिसेंबरला सुरू झाली. म्हणजे ही राख नेमकी या दोन तारखांच्या मधे येऊन गेली. त्या आठवड्यात लोकांच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या. काहींना वाटत होतं की राख आता आपल्या अंगणात पडणार, पोरांना मास्क लावायला हवा. काहींचं म्हणणं असं की आफ्रिकेतल्या धुरापायी मुंबईची विमानं थांबवणं हा निव्वळ बाऊ आहे. या दोन्ही समजुती एकाच चुकीतून येतात. धोका किती, हे दोघंही अंतरावरून ठरवू पाहतात. राखेचं तसं नाही. ती कोणत्या उंचीवर आहे, किती दाट आहे आणि तिच्या वाटेत कोण आहे, हे कळल्याशिवाय तिच्याबद्दल काहीच म्हणता येत नाही. इंजिन, माणसाचं फुफ्फुस आणि पाऊसपाणी या तिघांसाठी राखेच्या धोक्याची तीन वेगळी मापं आहेत आणि ती एकमेकांच्या जागी वापरली की घोटाळा होतो.

आधी ही राख काय चीज आहे ते पाहू. तिच्यात जळालेलं काहीच नसतं. जमिनीखालच्या शिलारसात पाण्याची वाफ आणि इतर वायू दाबाखाली विरघळलेले असतात. रस वर चढू लागला की दाब उतरतो, वायू मोकळे होतात, रसाला फेस येतो आणि तो फेस स्फोटात फुटतो. बुडबुड्यांच्या भिंती तुटतात, हवेत क्षणात थंड होतात आणि त्यांची काच बनते. सोबत खनिजांचे स्फटिक आणि नळीच्या भिंतींतून उखडलेल्या खडकाचा चुराही असतो. 2 मिलिमीटरपेक्षा लहान असं सगळं राखेत मोजतात, पण दूरवर जाते ती याहून कितीतरी बारीक, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही लहान. सूक्ष्मदर्शकाखाली हे कण पाहिले तर गोल गुळगुळीत काही दिसत नाही. कुठे बाकदार कपची, कुठे तीन बुडबुडे जुळले होते तिथला तीन टोकांचा तुकडा, कुठे टोकदार सुई. कडा काचेच्याच असल्यामुळे धारदार असतात. पाण्यात हे कण विरघळत नाहीत, ओले झाले की चिकटून बसतात आणि सुकले की पुन्हा उडतात. या राखेवर उद्रेकाच्या वेळच्या आम्लांचा आणि क्षारांचा पातळ लेप असतो, तो मात्र पाण्यात उतरतो. तिच्या पुढच्या सगळ्या करामती या तीन गुणांतून निघतात: काच, धार आणि लेप.

जेट इंजिनाला सर्वांत मोठा धोका काचेचा आहे. इंजिन पुढून हवा ओढतं, ती दाबतं, तिच्यात इंधन जाळतं आणि तो तापलेला झोत टर्बाइनच्या पात्यांवर सोडतं. जळणकक्षातलं तापमान 1,400 अंश सेल्सियसच्या वर जातं. ज्वालामुखीची काच साधारण 1,100 अंशांच्या आसपास मऊ होऊन वितळू लागते. म्हणजे राख आत शिरताना पूड असते आणि जळणकक्षातून बाहेर पडताना चिकट रस झालेली असते. टर्बाइनच्या तोंडाशी झोताला दिशा देणारी स्थिर पाती असतात. ती आतून हवा खेळवून थंड ठेवलेली असतात. पाक थंड ताटात ओतला की जसा जागच्या जागी धरतो, तसा हा रस त्या पात्यांवर थिजतो. झोताची वाट अरुंद होते आणि पात्यांवरची थंड हवेची बारीक भोकं बुजतात. मागे दाब तुंबतो, हवेचा प्रवाह उलटा उसळतो आणि इंजिन बंद पडतं. त्याच वेळी पुढच्या बाजूला, हवा दाबणाऱ्या पात्यांच्या कडा धारदार कणांनी झिजत असतात, वैमानिकापुढची काच खरवडून दुधाळ होत असते आणि वेग मोजणारी बाहेरची नळी चोंदू शकते. हे सगळं काही मिनिटांत होतं. त्यातही वाईट म्हणजे विमानाच्या नाकातलं हवामान-रडार ही राख दाखवत नाही. ते पावसाच्या थेंबांएवढ्या मोठ्या वस्तूंसाठी बनवलेलं असतं आणि एवढे बारीक कण त्याला दिसत नाहीत.

याची पहिली मोठी नोंद आपल्या मुंबईवरून गेलेल्या एका विमानाची आहे. ब्रिटिश एअरवेजचं 9 क्रमांकाचं उड्डाण लंडनहून मुंबई, क्वालालंपूर, पर्थ, मेलबर्न असं करत ऑकलंडला जायचं. 24 जून 1982 च्या रात्री क्वालालंपूर सोडून ते पर्थकडे निघालं होतं. बोइंग 747, आत 248 प्रवासी आणि 15 कर्मचारी. जावा बेटाजवळ 37,000 फुटांवर काचेवर निळसर ठिणग्यांचा खेळ सुरू झाला, केबिनमध्ये गंधकाच्या वासाचा धूर भरला आणि थोड्याच वेळात एकामागून एक चारही इंजिनं बंद पडली. खाली गालुंगगुंग ज्वालामुखी फुटला होता, आणि त्याची खबर वैमानिकांपर्यंत पोचलेली नव्हती. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांच्या साथीदारांनी विमान घसरत खाली आणलं, आणि निम्म्याहून बरंच खाली उतरल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली. त्यात केवळ नशीब नव्हतं. विमान राखेतून बाहेर आलं होतं, बंद इंजिनं थंड झाली होती, आणि पात्यांवर धरलेली काच आकसून तडकून गळली होती. जवळजवळ आंधळ्या झालेल्या काचेतून त्यांनी विमान जाकार्त्याला उतरवलं. 15 डिसेंबर 1989 रोजी अलास्कात रिडाउट ज्वालामुखीच्या ढगात केएलएमच्या एका नव्याकोऱ्या 747 ची हीच गत झाली. चारही इंजिनं बंद पडली, विमान 14,000 फुटांहून अधिक खाली आलं, इंजिनं पुन्हा सुरू झाली, सगळे वाचले. त्या विमानाच्या दुरुस्तीला सुमारे 8 कोटी डॉलर लागले. त्या वैमानिकांनी ढगातून सुटण्यासाठी इंजिनांचा जोर वाढवून वर चढायचा प्रयत्न केला होता. जोर वाढवला की आतली उष्णता वाढते आणि राख जास्त वितळते. म्हणून आज वैमानिकांना नेमकं उलट शिकवतात: जोर कमी करा, मागे वळा, बाहेर पडा.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडचा एयाफ्यात्लायोकुत्ल फुटला तेव्हा युरोपनं जवळजवळ आठवडाभर आपलं आकाश बंद ठेवलं. सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली, एक कोटी प्रवासी अडकले, विमान कंपन्यांचं 170 कोटी डॉलरांचं उत्पन्न बुडालं. या काळात कंपन्यांनी रिकामी विमानं उडवून पाहिली आणि त्यांना काही झालं नाही. मग ही बंदी हवीच कशाला होती, असा प्रश्न तेव्हाही झाला. त्याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. तेव्हाचा नियम 'राख दिसली की उडायचं नाही' असा सरसकट होता आणि किती राख म्हणजे फार, याचा आकडाच कुणी ठरवला नव्हता. तिथे कंपन्यांची तक्रार रास्त होती. राख मात्र खरोखरच धोक्याची होती. कोपनहेगन आणि आइसलँडच्या संशोधकांनी ती राख तपासून 2011 मध्ये निष्कर्ष छापले: कण कठीण होते, टोकदार होते आणि पाण्यात दोन आठवडे घुसळूनही त्यांची धार गेली नव्हती. त्या घडामोडीनंतर मापं ठरली. हवेच्या घनमीटरमागे 2 मिलिग्रॅमपर्यंतची राख कमी, 4 मिलिग्रॅमपुढची जास्त, आणि मधल्या पट्ट्यात कंपनीनं आपली तयारी दाखवून परवानगी घ्यायची, अशी ढोबळ रचना युरोपात आली. आठवडाभराच्या त्या गोंधळातून निघालेली ही सर्वांत कामाची गोष्ट आहे.

त्या 2 मिलिग्रॅमचा आकडा जरा जवळून पाहावा. 2 मिलिग्रॅम म्हणजे 2,000 मायक्रोग्रॅम. आपल्याकडे श्वासातून आत जाणाऱ्या धूलिकणांची, म्हणजे पीएम-10 ची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे इंजिनासाठी जी राख 'कमी' समजली जाते, ती माणसाच्या मर्यादेच्या वीसपट दाट असू शकते. यावरून इंजिन फुफ्फुसापेक्षा टणक आहे असं वाटेल, पण हिशेब इथे संपत नाही. मोठं जेट इंजिन उड्डाणाच्या क्षणी सेकंदाला टनभर हवा ओढतं. त्यातला मोठा भाग गाभ्याला वळसा घालून जातो हे खरं, तरी आकडा पाहा: माणूस दिवसाला साधारण 12 घनमीटर, म्हणजे 14-15 किलो हवा घेतो. आपण दोन महिन्यांत जेवढी हवा आत घेऊ तेवढी इंजिन एका सेकंदात गिळतं. एकाला मिनिटांचा धोका आहे, दुसऱ्याला महिन्यांचा आणि वर्षांचा. तेव्हा एकाच ढगाबद्दल 'विमानांनी जाऊ नये' आणि 'जमिनीवरच्यांनी घाबरू नये' ही दोन वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. नोव्हेंबर 2025 मध्ये नेमकं तेच होतं.

त्या वेळी काय झालं ते पाहू. राखेवर लक्ष ठेवण्यासाठी जगाचं आकाश नऊ केंद्रांत वाटलेलं आहे. हायली गुब्बीचा माग फ्रान्सच्या तुलूज केंद्रानं ठेवला. भारतीय हवामान खात्याच्या मुंबई, दिल्ली आणि कोलकाता इथल्या कार्यालयांनी विमानांसाठी इशारे काढले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं कंपन्यांना राखेचे पट्टे टाळायला, मार्ग आणि इंधनाचा हिशेब बदलायला, आणि इंजिनात काही वावगं जाणवलं किंवा केबिनमध्ये वास आला तर लगेच कळवायला सांगितलं. अकासा एअरनं जेद्दा, कुवेत आणि अबू धाबीची उड्डाणं रद्द केली. एअर इंडियानं दोन दिवसांत अकरा उड्डाणं रद्द केली. त्यांत दोहा–मुंबई आणि दम्माम–मुंबई होती हे समजण्यासारखं आहे. पण मुंबई–हैदराबाद आणि मुंबई–कोलकाता ही देशातली उड्डाणंही होती, जिथे राखेचा पट्टा नव्हताच. लोकांना खटकलं ते हेच, आणि समजून घ्यायला हवं तेही हेच. उद्रेकानंतर राखेच्या भागावरून गेलेली विमानं आधी तपासायची होती. तंत्रज्ञ इंजिनाच्या आत दुर्बीण घालून पात्यांवर लेप धरला आहे का, कडा झिजल्या आहेत का, भोकं मोकळी आहेत का ते पाहतात. ते पाहून होईपर्यंत विमान जमिनीवर राहतं, आणि त्या विमानाचं पुढचं उड्डाण कोलकात्याचं असलं तर तेच रद्द होतं. राखेनं झालेली झीज त्याच दिवशी दिसेल असं नसतं. थोडी बुजलेली भोकं घेऊन विमान उडतं, पातं रोज थोडं जास्त तापतं आणि त्याचं आयुष्य कमी होत जातं. म्हणून मला त्या तपासण्या अत्यंत योग्य वाटतात. आखाती मार्गांवर रोज वाळूची धूळ असते, तिथे कोण थांबतं, असं कुणी म्हणेल. वाळूही इंजिनं झिजवते आणि कंपन्या तिची किंमत देखभालीत मोजतात. पण वाळूतला मुख्य घटक क्वार्ट्झ वितळायला 1,700 अंश लागतात. ज्वालामुखीची काच त्याच्या सहाशे अंश आधीच चिकट होते. वाळूची किंमत वर्षांच्या हिशेबात मोजली जाते. राखेच्या दाट ढगात तेवढी सवड मिळत नाही.

आता जमिनीवरचं माप घेऊ. दिल्लीच्या वर राख आली तेव्हा तिथली हवा आधीच वाईट होती, आणि राखेनं ती विषारी होणार अशी भीती पसरली. इथे साधं गणित उपयोगी पडतं. राखेचा दहा मायक्रॉनचा कण शांत हवेत सेकंदाला सेंटीमीटरभरसुद्धा खाली येत नाही. दहा किलोमीटर उतरायला त्याला दोन आठवडे लागतील, आणि त्या उंचीवरचे वारे ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे वाहत होते. कण खाली येण्याआधीच ढग चीनकडे निघून गेला. हवामान खात्यानंही परिणाम वरच्या थरांपुरताच राहील असं सांगितलं होतं. राखेचा त्रास ज्यांना व्हायचा त्यांना तो झालाच, पण ते लोक अफारमधले होते. अफदेरा गाव राखेनं माखलं. तिथले लोक जनावरांवर जगतात आणि गवतावर राख बसली की जनावर एक तर खात नाही किंवा राखेसकट खातं. 1783 मध्ये आइसलँडच्या लाकी भेगेतून आठ महिने उद्रेक चालला तेव्हा राखेवरच्या फ्लोरिनच्या लेपानं बहुतेक मेंढ्या मेल्या आणि मागून आलेल्या दुष्काळात देशातली सुमारे एक पंचमांश माणसं गेली. फिलिपिन्समधल्या पिनाटुबोचा 15 जून 1991 चा महास्फोट झाला त्याच दिवशी तिथे वादळी पाऊस होता. भिजलेल्या राखेच्या वजनानं छपरं कोसळली आणि बहुतेक लोक त्याखालीच दगावले. जपानच्या कागोशिमा शहरात साकुराजिमाची राख इतकी नेहमीची की रहिवाशांना ती भरून ठेवायला पालिका पिवळ्या पिशव्या देते. डोळे चुरचुरणं, खोकला, दमेकऱ्यांना झटका, उघड्या टाक्यांतलं पाणी बिघडणं हे तिथलं रोजचं वास्तव आहे. नोकरीनिमित्त इंडोनेशियात, जपानात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी दारं-खिडक्या बंद ठेवणं, नीट बसणारा एन-95 मास्क वापरणं, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवणं आणि राख झाडण्याआधी हलकं पाणी शिंपडणं हे शिकून घ्यायलाच हवं. दिवाळ्यात त्या नोव्हेंबरात यातलं काहीच करायची गरज नव्हती.

दिवाळ्याच्या हवेतही दगडाची पूड आहेच, फक्त ती आभाळातून आलेली नाही. मागच्या पारसिक डोंगराच्या कडेनं कित्येक वर्षं दगडखाणी चालल्या. समोर विमानतळासाठी नव्वद मीटरांच्या आसपास उंचीचा उलव्याचा डोंगर सुरुंग लावून उतरवला गेला. त्यात बांधकामांचा आणि अवजड वाहनांनी उडवलेल्या रस्त्यांचा धुरळा मिसळतो. हा सगळा दगड बेसॉल्ट आहे, म्हणजे तोही ज्वालामुखीचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मग दोन्ही धुळी सारख्याच का? नाही. बेसॉल्टमध्ये निम्मी सिलिका असली तरी ती इतर खनिजांत बांधलेली असते. फुफ्फुसाला कायमची इजा करणारी मोकळी स्फटिकी सिलिका त्यात फार थोडी. काही ज्वालामुखींच्या राखेत, कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटासारख्या ठिकाणी, तिचं प्रमाण लक्षणीय सापडलं आहे. त्या अर्थी आपला दगड सौम्य. पण सौम्य दगडाची पूडही बारीक झाली आणि रोज आत गेली की फुफ्फुसाला आणि हृदयाला भोवते, कारण तिथे कणाचा आकार आणि वर्षांची बेरीज मोजली जाते. साडेतीन हजार किलोमीटरवरच्या ढगाला घाबरून एका दिवसासाठी मास्क लावायचा आणि नाक्यावरच्या न झाकलेल्या खडीच्या ट्रककडे पाहायचंही नाही, ही मापांची अदलाबदल मला खरोखर काळजीची वाटते.

दूरची राख महाराष्ट्राच्या जमिनीवर कधीच पडली नाही, असंही नाही. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ कुकडी नदीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे. 1980 च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तो अभ्यासाला घेतला, तेव्हा सगळे चक्रावले, कारण दख्खनचे ज्वालामुखी तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झालेले. काचेच्या कपच्यांचं रसायन जुळवल्यावर राखेचा माग इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबापर्यंत पोचला, तीन हजारांहून अधिक किलोमीटरवर. ती टोबाच्या कोणत्या उद्रेकाची, यावर वाद झाला, कारण टोबा एकापेक्षा जास्त वेळा फुटला आहे. काहींनी बोरीच्या थराला 74,000 वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाचं ठरवलं, काहींनी सोबत सापडलेल्या दगडी हत्यारांच्या पुराव्यानं तो कित्येक लाख वर्षं जुना मानला. वाद काहीही असो, एवढं नक्की की त्या राखेनं समुद्र ओलांडला आणि ती सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत येऊन पडली. इथे थर जाड दिसतो तो नदीनं आजूबाजूची राख धुऊन एका जागी आणल्यामुळे. अशा राखेनं सगळं संपवलं असेल, असं पूर्वी अनेकांना वाटे. आंध्र प्रदेशात ज्वालापुरम इथे रवी कोरीसेट्टर आणि मायकेल पेट्राग्लिया यांच्या गटानं टोबाच्या थराखालची आणि थरावरची हत्यारं ताडून पाहिली आणि 2007 मध्ये प्रसिद्ध केलं की दोन्ही बरीचशी सारखी आहेत. माणूस तिथे टिकून राहिला होता. पृथ्वीवरच्या गेल्या लाखभर वर्षांतल्या सर्वांत मोठ्या उद्रेकाबद्दलही सरसकट विधान चालत नाही, ते असं.

तिसरं माप पावसाचं, आणि तिथे राख जवळजवळ बिनमहत्त्वाची ठरते. राख दिवसा-आठवड्यांत खाली येते. तिच्यासोबत गेलेला सल्फर डायऑक्साइड मात्र वातावरणाच्या वरच्या, पाऊस नसलेल्या थरात पोचला तर तिथे सल्फेटचे सूक्ष्म थेंब बनतात, वर्ष-दोन वर्षं तरंगतात आणि ऊन अडवतात. पिनाटुबोनं दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि जगाचं सरासरी तापमान अर्ध्या अंशानं उतरलं. जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून आपल्याकडे मोसमी वारे येतात. जमीनच कमी तापली तर वारे दुबळे होतात. लाकीच्या उद्रेकानंतर आफ्रिका आणि आशियातला मोसमी पाऊस घटला, नाईलचं पाणी आटलं, असं संगणकी प्रारूपं आणि जुन्या नोंदी दोन्ही सांगतात. त्याच 1783-84 मध्ये उत्तर हिंदुस्थानात चालीसाचा भीषण दुष्काळ पडला. त्याचा सगळा दोष लाकीवर टाकणं बरोबर होणार नाही. दुष्काळाला एकच कारण कधीच नसतं. पण संबंध नाकारताही येत नाही. हायली गुब्बीचा वायू पिनाटुबोच्या तुलनेत किरकोळ होता, त्यामुळे त्याच्या नावावर पावसाची चिंता करायचं कारण नाही. फक्त एवढं लक्षात ठेवावं की शेतकऱ्यासाठी धोक्याचा ज्वालामुखी आणि वैमानिकासाठी धोक्याचा ज्वालामुखी एकच असेल असं नाही.

हे सगळं एकदाच घडलं, पुन्हा कशाला घडेल, असं म्हणायची सोय नाही. अफारच्याच पट्ट्यात, सीमेपलीकडे एरिट्रियात, नाब्रो हा ज्वालामुखी जून 2011 मध्ये फुटला. त्याचाही त्याआधीचा उद्रेक कुणाला ठाऊक नव्हता. येमेनच्या किनाऱ्यासमोरचं जबल अल-तैर बेट 2007 मध्ये पेटलं. आफ्रिकेपासून अरबस्तान जिथे तुटून सरकतो आहे, तिथली जमीन रुंदावतच राहणार आहे. मुंबईतून आखातात, सौदीत, पूर्व आफ्रिकेत जाणारी विमानं याच पट्ट्यावरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेतून जातात आणि त्यांत नोकरीवर जाणारा मराठी माणूस मोठ्या संख्येनं असतो. वारा कुठला, हेही ऋतूवर ठरतं. हिवाळ्यात उत्तर भारताच्या वर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात, म्हणून नोव्हेंबरची राख आपल्याकडे आली. जून ते सप्टेंबर दक्षिणेच्या वरचे उंचावरचे वारे उलटे, पूर्वेकडून वाहतात. तेव्हा अफारची राख बहुधा आफ्रिकेतच जाईल, पण इंडोनेशियाची किंवा आपल्याच अंदमानातल्या बॅरन बेटाची राख पश्चिमेकडे सरकू शकते. बॅरन हा भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी. सप्टेंबर 2025 मध्ये त्याचे लहान उद्रेक झाले होते.

त्यामुळे खरी तयारी करायची ती माप घेण्याची. आपल्या इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांवर दोन जवळजवळच्या अवरक्त पट्ट्यांत पाहणारी उपकरणं आहेत. पाण्याचा आणि बर्फाचा ढग त्या दोन पट्ट्यांत एका प्रकारे दिसतो आणि सिलिकेटची राख बरोबर उलट्या प्रकारे. दोन चित्रांची वजाबाकी केली की राख वेगळी उठून दिसते, रात्रीसुद्धा. उणीव आहे ती उगमाशी. जुलै 2025 मध्ये हायली गुब्बीच्या शेजारचा एर्टा आले फुटला, तेव्हा भूगर्भातला शिलारस हायली गुब्बीच्या दिशेनं सरकल्याचं उपग्रहांच्या रडारनं टिपलं होतं. उद्रेक होणारच, असं त्यावरून कुणी ठामपणे सांगू शकलं नसतं, आणि ज्वालामुखींबाबत तसं सांगता येतही नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण डोंगराशेजारी भूकंपमापकं असती तर काही तासांची आगाऊ सूचना मिळण्याची शक्यता होती, आणि वाटेतल्या विमानाचा मार्ग बदलायला काही तास पुष्कळ असतात. ही यंत्रं अफारच्या वाळवंटात बसवायची, सांभाळायची आणि त्यांची नोंद रोज वाचायची, याचा भार इथिओपियानं एकट्यानं का उचलावा? त्या राखेनं ज्यांची विमानं जमिनीवर आणली त्या सगळ्या देशांनी तो वाटून घ्यावा, आणि त्यांत मुंबई आणि नवी मुंबई या आपल्या दोन विमानतळांनी प्रवाशांकडून घेतलेल्या शुल्कातला लहानसा अंश घालावा.